आधी जागा सांगा

तर झालं असं, की गेल्या जुलैमध्ये एका शुक्रवारी रात्री पुण्याहून निघालो आणि शनिवारी नागपूर-उमरेड-भिवापूर असं करत एसटीने काकाजींच्या गावी पोचलो. गोसीखुर्द धरणाच्या खालच्या अंगाला, वैनगंगेच्या काठावरचं गाव. "रोवणी चालू आहे, ये" असा फोन आला होता. पण खरं सांगायचं तर मी रोवणीला गेलोच नव्हतो. बॅगेत लॅपटॉप होता, सोमवारी रिलीज होतं आणि बिल्ड काही केल्या होत नव्हता.

आता बिल्ड होत नाही हे काही नवीन नाही. आपला अर्धा पगार त्याचाच असतो :-) पण या वेळचं दुखणं वेगळं होतं. चूक काय आहे हे कंपायलर सांगत होता, पण कुठे आहे ते अशा भाषेत, की माझ्या एडिटरला ते कळत नव्हतं.

थोडं सविस्तर सांगतो. आमचं प्रॉडक्ट म्हणजे शेतातल्या मोटरचा स्टार्टर. लाइट आली की मोटर चालू, विहिरीतलं पाणी खाली गेलं की बंद, आणि छोट्या स्क्रीनवर मराठीत मेसेज. त्यातल्या चिपसाठी चिपवाल्यांचाच एक जुना कंपायलर वापरावा लागतो. तो ऑफिसच्या मशीनवर आहे. गावात नेट म्हणजे गच्चीच्या ईशान्य कोपऱ्यात एक दांडी. तिथे मोठे एडिटर, त्यांची रिमोट एक्स्टेन्शन्स वगैरे लाड चालत नाहीत. काळ्या टर्मिनलमध्ये ऑफिसच्या मशीनवर लॉगिन करायचं आणि विम उघडायचं. विम बिचारा एका दांडीवरही चालतो.

विममध्ये एक फार सुंदर सोय आहे, क्विकफिक्स. म्हणजे एडिटरमधूनच बिल्ड सुरू करायचा. कंपायलर जे काही ओरडेल ते विम वाचतो, त्यातून फाइलचं नाव आणि ओळ नंबर वेचतो आणि यादी करतो. मग एक कमांड दिली की कर्सर थेट चुकीच्या ओळीवर. दुरुस्त करा, पुढची कमांड, पुढची चूक. ही कल्पना मुळात अमिगा कॉम्प्युटरवरच्या मँक्स कंपनीच्या ॲझ्टेक सी कंपायलरमधली. ब्रॅम मूलेनार यांनी १९९१ मध्ये विम पहिल्यांदा लोकांना दिला तो अमिगावरच. त्याच्या मदतीच्या पानांत या कंपायलरचा उल्लेख आजही आहे. ब्रॅम २०२३ मध्ये गेले. त्यांची ही सोय वापरत नाही असा माझा एकही दिवस जात नाही.

पण यात एक गोम आहे. कंपायलरच्या मेसेजमधला कुठला शब्द फाइलचं नाव आणि कुठला आकडा ओळ नंबर, हे विमला आपोआप कळत नाही. ते शिकवावं लागतं. त्यासाठी एररफॉरमॅट नावाचं एक सेटिंग असतं. त्यात साचा लिहायचा: आधी फाइल, मग अपूर्णविराम, मग ओळ, मग अपूर्णविराम, मग मजकूर. साचे एकाहून जास्त देता येतात, वरून खाली तपासले जातात, जो आधी जुळेल तो खरा.

बरेचसे कंपायलर यात त्रास देत नाहीत. ग्नू प्रकल्पाच्या नियमांतच लिहिलेलं आहे, की चुकीचा मेसेज फाइल, अपूर्णविराम, ओळ, अपूर्णविराम, मजकूर असाच छापावा. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर ओळ नंबर कंसात देतो, पण तोही शिस्तीत. याच्याही आधी, १९८० च्या सुमाराला, बर्कलीच्या युनिक्समध्ये 'एरर' नावाचा एक प्रोग्रॅम होता. तो कंपायलरचे मेसेज वाचून सरळ तुमच्या कोडमध्ये, त्या त्या ओळीपाशी, कॉमेंट म्हणून चिकटवायचा. म्हणजे "चूक झाली" एवढं पुरत नाही, माणसाला त्या जागेवर नेऊन उभं करावं लागतं, हे लोकांना चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीच कळलं होतं.

आमच्या चिपवाल्यांना मात्र कळलं नव्हतं. त्यांचा मेसेज तीन ओळींचा. भाषांतर करून देतो:

मॉड्यूल: पंपकंट्रोल
* चूक ४१, तीव्रता २: 'लेव्हल' हे नाव ओळखता आलं नाही
ठिकाण: ११८ (इन्क्लूड खोली १)

बघा म्हणजे! फाइलचं नाव एका ओळीत, तेही एक्स्टेन्शन आणि फोल्डरशिवाय. काय झालं ते दुसऱ्या ओळीत. कुठे झालं ते तिसरीत. आणि तीव्रता २ म्हणजे एरर की वॉर्निंग, ते मॅन्युअलमध्ये शोधा.

विमला अनेक ओळींचे मेसेजही शिकवता येतात. शनिवारचे दोन तास मी गच्चीवर बसून तेच केलं. पण फाइलचं पूर्ण नावच मेसेजमध्ये नाही, तर साचा तरी काय करणार? विम 'पंपकंट्रोल' नावाची फाइल उघडायचा, ती नसायची, आणि समोर कोरं पान. मग ठरवलं, ऐकणाऱ्याला शिकवणं पुरे, मध्ये एक दुभाषाच बसवू. ऑक या भाषेत छोटासा गाळणीवजा प्रोग्रॅम लिहायला घेतला. पहिली ओळ आली की मॉड्यूलचं नाव लक्षात ठेव. दुसरी आली की तीव्रता आणि मजकूर लक्षात ठेव. तिसरी आली की ओळ नंबर घे, मॉड्यूलच्या नावावरून खरी फाइल शोध, आणि सगळं एका ओळीत छाप. बाकी सगळा कचरा फेकून दे.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. त्याने मला नंतर रडवलं.

एवढ्यात काकाजी वर आले. चिखलाचे पाय, डोक्याला दुपट्टा.

"काय करून रायला बे सकाळपासून?"

"काकाजी, कंपायलर चुका दाखवतो ना, त्या नीट मांडून घेतोय."

"दाखवते ना तो? मंग सुधार त्या. मांडत काय बसला?"

मी समजावायला गेलो, की दाखवतो पण कुठे ते धड सांगत नाही. काकाजी माझ्या स्क्रीनकडे न बघता खिशातून मोबाइल काढून म्हणाले, "हे पाय. हे बी तसंच." आणि फोन माझ्या हातात दिला.

व्हॉट्सॲपवर फिरत आलेला मेसेज होता. गोसीखुर्द धरणाचे ३३ पैकी इतके दरवाजे अर्ध्या मीटरने उघडले, विसर्ग इतके क्युमेक्स, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गोसीखुर्द हे भंडारा जिल्ह्यात पवनी तालुक्यात वैनगंगेवर बांधलेलं धरण. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं, तेव्हाचा अंदाजे खर्च ३७२ कोटी. पुढे तो अठरा हजार कोटींच्याही वर गेला. २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांतल्या सुमारे अडीच लाख हेक्टरला पाणी द्यायचं, असा मूळ हिशेब. काकूंचं माहेर त्याच्या पाण्याखाली गेलं. आणि आम्ही धरणाच्या खाली. म्हणजे पावसाळ्यात धरणाच्या दरवाजांची बातमी आमच्याकडे हवामानासारखी रोजची.

"यात काय चूक आहे?" मी विचारलं. मेसेज मला तरी नीटनेटका वाटला. धरणाचं नाव आहे, दरवाजे आहेत, विसर्ग आहे.

"माह्या मोटरचं काय ते कुठं लिवलं आहे?"

काकाजींची मोटर नदीच्या उतारावर बसवलेली असते. पाणी चढलं की ती सोडवून, चौघांनी उचलून वर आणावी लागते. म्हणजे त्यांना मेसेजमधून तीनच गोष्टी हव्या असतात. पाणी कुठपर्यंत येणार, कधी येणार आणि मोटर काढू की नको. यातली एकही मेसेजमध्ये नव्हती. जे होतं ते धरणाच्या बाजूचं होतं. तिथल्या माणसाला दरवाजे दिसतात, तो दरवाजे सांगतो. जसं आमच्या कंपायलरला मॉड्यूल दिसतं, तो मॉड्यूल सांगतो. दोघंही खोटं बोलत नाहीत. पण ऐकणाऱ्याला जिथे जायचं आहे तिथलं ते बोलतच नाहीत.

आणि मला २०२० आठवलं.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशात, वैनगंगेच्या वरच्या खोऱ्यात, प्रचंड पाऊस झाला. तिकडे शिवनी जिल्ह्यात याच नदीवर संजय सरोवर आहे, तिथून पाणी सुटलं. खाली गोसीखुर्दचे सगळे, ३३ च्या ३३ दरवाजे उघडावे लागले. भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली, तिन्ही जिल्ह्यांत नदीकाठची गावं पाण्यात गेली.

मी तेव्हा पुण्यात, पहिली नोकरी, लॉकडाउनमधलं घरून काम. घरच्या ग्रुपवर मेसेज आला होता. मी तो वाचला होता, हे आजही स्पष्ट आठवतं. इतके दरवाजे, इतका विसर्ग, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे. त्या पावसाळ्यात तोवर असे वीस-पंचवीस मेसेज येऊन गेले असतील. सगळ्यांचा आकार एकच, शेवटचं वाक्य तर अक्षरशः एकच. मी खाली "काळजी घ्या" टाइप केलं आणि पुन्हा कॉलवर गेलो. काकाजींनीही वाचला. तेही "रोजचंच आहे" म्हणून झोपले.

रात्री नाल्याने उलटं पाणी आलं. नदी भरली की नाल्याचं पाणी पुढे जाईना होतं आणि मागे गावाकडे फुगतं. गोठ्यातल्या म्हशी सोडायला काकाजी अंधारात कमरेएवढ्या पाण्यातून गेले. म्हशी वाचल्या, काकाजीही वाचले. मोटर गेली. रोवलेल्या बांध्या आठवडाभर पाण्याखाली राहिल्या, धान सडलं. घराच्या भिंतीवर पाण्याची रेघ अजून आहे, तिच्यावर दोनदा चुना मारूनही दिसते.

त्या मेसेजमध्ये आकडा बरोबर होता. पाठवणाऱ्याने काही लपवलं नव्हतं. फक्त त्या दिवशीचा आकडा आणि आधीच्या पंचवीस दिवसांचा आकडा एकाच साच्यात, एकाच आवाजात आला होता. आपल्या कोडमध्ये चारशे वॉर्निंग असतात ना, "नंतर बघू" म्हणून सोडलेल्या? त्यांच्यामध्ये एक खरी चूक येऊन बसली की कशी दिसत नाही, तसंच. मी इंजिनियर. रोज हेच काम करतो. आणि माझ्याच माणसांचा मेसेज मी नुसता स्क्रोल केला होता.

असो.

म्हणून या वेळी मी काकाजींना म्हटलं, थांबा, मी याचंही रूपांतर करून देतो. आणि अर्थातच प्रत्येक सॉफ्टवेअरवाला पहिल्यांदा जी चूक करतो ती केली. जे मला सोपं ते बनवलं. मेसेज चिकटवला की क्युमेक्सचे क्युसेक करून दाखवणारी स्क्रिप्ट. क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. एक क्युमेक म्हणजे साधारण ३५.३ क्युसेक. गावात दोन्ही शब्द फिरतात आणि पुढे पाठवताना कोणीतरी एकाचा दुसरा करतो, आकडा मात्र तोच ठेवतो. पस्तीस पटींची चूक! मला वाटलं मी फार मोठं काम केलं.

काकाजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मले क्युसेक बी नाही पायजे ना क्युमेक बी. जागा सांग."

तेवढ्यात कळलं, की हाच घोळ माझ्या स्वतःच्या कोडमध्येही होता. आमच्या स्टार्टरच्या स्क्रीनवर मराठी मेसेज आहेत हे वर सांगितलंच. ज्या ओळीत मराठी शब्द, त्या ओळीत कर्सर नेमका भलतीकडे जायचा. कारण एकच आकडा, पण मोजमाप वेगळं. 'पाणी' हा शब्द घ्या. डोळ्यांना दोन अक्षरं. युनिकोडच्या हिशेबाने चार चिन्हं, प, काना, ण, वेलांटी. फाइलमध्ये साठवताना बारा बाइट. मग "कॉलम ३०" म्हणजे तिसावा काय? बाइट, चिन्ह की स्क्रीनवरचं घर? जीसीसीसारख्या नावाजलेल्या कंपायलरनेही हे मोजमाप २०२१ मध्ये, अकराव्या आवृत्तीत, बाइटवरून स्क्रीनवरच्या घरांवर नेलं. विममध्ये दोन्हींसाठी वेगळी खूण आहे, पण कुठली वापरायची ते तुम्हाला आधी माहीत हवं. इंग्रजीत कोड लिहिणाऱ्याला हा फरक जन्मात कळत नाही, कारण तिथे तिन्ही आकडे एकच येतात. मराठीत पहिल्याच शब्दाला कळतो.

रविवारी सकाळी पाऊस होता, रोवणी थांबलेली. काकाजी आणि मी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर तक्ता मांडायला बसलो. एका बाजूला मेसेजमधला विसर्ग, दुसऱ्या बाजूला काकाजींच्या जागा. घाटाची खालची पायरी. मोटरचा खड्डा. नाल्यावरचा पूल. देवळाचा ओटा. गोठा. कुठल्या वर्षी किती सुटलं होतं तेव्हा पाणी कुठे लागलं होतं, हे काकाजींना तोंडपाठ. गेल्या काही वर्षांचे मेसेज ग्रुपमध्ये पडलेलेच होते, ते मी शोधून देत गेलो. काही ठिकाणी काकाजींची आठवण आणि मेसेज जुळेनात. मग कळलं, की काकाजी दरवाजे मोजून लक्षात ठेवत होते. पण तेवढेच दरवाजे अर्धा मीटर उघडले आणि एक मीटर उघडले, तर पाणी वेगळं. धरण किती भरलंय त्यावरही बदलतं. म्हणून दरवाजे सोडले, विसर्ग धरला. तेच दोघांच्या मधलं खरं नाणं.

(तक्त्यातले आकडे इथे मुद्दाम देत नाही. ते त्या एका उतारापुरते, एका माणसाच्या आठवणीतले आहेत. दुसऱ्या गावाने वापरले तर घात होईल.)

मग वेळ. मेसेजमध्ये "आज सकाळी" असतं. कुठली आज? चार ग्रुपमधून फिरून आलेला मेसेज कालचाही असू शकतो. इथे मला हसू आलं, कारण आदल्या रात्री माझ्या गाळणीत नेमकं हेच झालं होतं. ऑक आपलं छापणं साठवून ठेवतो आणि गठ्ठ्याने सोडतो. बिल्ड इकडे चालू आणि चुका येतात पाच मिनिटांनी, सगळ्या एकदम. दर ओळीमागे "आत्ताच्या आत्ता सोड" असं त्याला सांगावं लागतं. त्याच रात्रीची आणखी एक गंमत. बिल्डच्या सुरुवातीला कंपायलर वेळ छापतो, १०:४५:१२: असं. विमने ते साच्यात बसवलं, '१०' नावाची फाइल, ४५ वी ओळ, १२ वा कॉलम! आणि मला नेऊन कोऱ्या पानावर उभं केलं. न समजलेल्या मेसेजपेक्षा चुकीचा समजलेला मेसेज जास्त वाईट, हे मी रात्री साडेबाराला शिकलो. काकाजींच्या तक्त्यावर म्हणून वर मोठ्या अक्षरात लिहिलं: मेसेजवर तारीख आणि वेळ नसेल तर आधी फोन करून विचारा.

दुपारपर्यंत तक्ता छान झाला. मीही खूश. वर गेलो, गाळणी चालवली, यादी बघितली. चुका शून्य. व्वा! जेवायला खाली येणार, एवढ्यात सहज बघितलं, तर फाइल तयारच झालेली नाही. चुका नाहीत आणि बिल्डही नाही? अर्धा तास डोकं खाजवलं. शेवटी गाळणी काढून कच्चे मेसेज वाचले. लिंकर ओरडत होता, की चिपची मेमरी पुरत नाही, अमुक इतके बाइट जास्त झाले. म्हणजे सगळ्यात मोठी चूक. पण तिला फाइल नाही, ओळ नंबर नाही. कारण ती कुठल्याच एका ओळीत नव्हती, सगळ्या ओळी मिळून झाली होती. माझ्या साच्यात ती बसली नाही आणि माझ्या हुशार गाळणीने तिला कचरा समजून फेकून दिलं. वर आणखी, कंपायलर आणि गाळणी नळीने जोडले की शेल शेवटच्याचा निकाल खरा मानतं. कंपायलर नापास, पण गाळणीने आपलं काम चोख केलं, म्हणून सगळं पास. त्यासाठी पाइपफेल नावाचं सेटिंग असतं. मी ते लावलं नव्हतं.

विम स्वतः असं करत नाही, बरं का. जी ओळ कुठल्याच साच्यात बसत नाही ती तो यादीत तशीच ठेवतो, पुढे दोन उभ्या रेघा मारून. पुढच्या चुकीवर उडी मारताना तिला ओलांडतो, पण फेकत नाही. फेकण्याचा शहाणपणा माझा.

खाली आलो. काकाजी तक्ता भिंतीवर लावत होते, चुन्यातून दिसणाऱ्या त्या रेघेच्या बरोबर वर. मी सहज विचारलं, "काकाजी, दोन हजार वीसचा आकडा तर आपण यात लिहिलाच नाही."

"त्याले जागाच नव्हती ना बाबू. गोठ्याच्या वर काय लिवशील?"

खरंच होतं. आमच्या तक्त्याची शेवटची जागा गोठा. त्याच्या वरचं पाणी म्हणजे जागा उरलीच नाही. उद्या तसा मेसेज आला, तर तक्त्यात बघणारा माणूस म्हणणार, "आपल्या यादीत नाही, म्हणजे काही नसेल." शून्य चुका!

काकाजींनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि तक्त्याच्या खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'यात नसन त म्हशी सोडा, बाया-पोरं घेऊन शाळेवर जा.'

मी वर गेलो आणि गाळणीत एकच ओळ घातली. जे ओळखता आलं नाही ते जसंच्या तसं छाप, आणि सगळ्यात वर छाप.

नंतर मला बऱ्याच जणांनी ऐकवलं, की अरे, हे सगळं आता जुनं झालं. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने एडिटर आणि भाषा यांच्यात बोलण्याचा एक ठरावीक शिष्टाचार आणला, लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल. जीसीसीने २०१९ मध्ये जेसनमध्ये चुका द्यायला सुरुवात केली, २०२३ मध्ये सरिफ नावाच्या प्रमाणित साच्यात. एडिटरने आता मजकुरातून ओळ नंबर वेचत बसायची गरज नाही. बरोबर आहे, आणि चांगलंच आहे. बोलणारा सुधारला तर त्याच्यासारखं सुख नाही. पण जुने कंपायलर आहेत, जुनी धरणं आहेत, फिरून फिरून आलेले मेसेज आहेत. बोलणारा बदलेपर्यंत नदी थांबत नाही. तोवर ऐकणाऱ्याच्या शेजारी बसून, त्याच्या जागा विचारून, कोणीतरी मध्ये दुभाषा व्हावं लागतं. आणि दुभाष्याने एक पथ्य पाळायचं. जे आपल्याला कळलं नाही ते गिळायचं नाही.

रिलीज सोमवारी गेलं. मेमरी वाचवायला काही मराठी मेसेज छोटे करावे लागले. एक मेसेज होता, "पाण्याची पातळी धोक्याच्या मर्यादेपेक्षा कमी झालेली आहे, कृपया लक्ष द्यावे." आमच्याच ऑफिसात बसून मीच लिहिलेला. आता तिथे आहे: "विहिरीत पाणी नाही. मोटर बंद केली." बाइटही वाचले आणि काकाजींनाही कळेल.

गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर पुन्हा मेसेज आला. इतके दरवाजे, इतका विसर्ग, सतर्क राहावे. मी "काळजी घ्या" लिहिलं नाही. तक्त्याचा फोटो माझ्या फोनमध्ये आहे, तो बघितला, आणि काकाजींना फोन लावला.

"काकाजी, मोटरच्या खड्ड्यापर्यंत. रात्रीतून."

"काढली सकाळीच," काकाजी म्हणाले. "तू जेवला का?"